बागेत बहावा हवा

वटपौर्णिमा नुकतीच सरली. त्या दिवशी सकाळी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जवळजवळ प्रत्येक स्थानकाबाहेर वडाच्या फांद्या जुड्या बांधून विकायला होत्या. फांदी घरी आणायची, कुंडीत खोचायची, तिलाच सूत गुंडाळायचे आणि कामाला निघायचे, हे उपनगरातल्या कितीतरी घरांत होते. त्या बायकांना बोल लावण्याचे कारण नाही. भोवती सात फेरे घालता येतील इतकी मोकळी जागा राखलेला वड चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर फांदी विकत कोण घेईल? त्यापाठोपाठ आता १ ते ७ जुलैचा वनमहोत्सव आला आहे. १९५० मध्ये त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी हा उत्सव सुरू केला. पाऊस स्थिरावत असताना रोप जमिनीत गेले, तर पुढचे तीन महिने त्याला पाणी घालावे लागत नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे.

या आठवड्यात रोपे वाटली जातील, शाळांच्या फेऱ्या निघतील, संस्था आणि पक्ष खड्डे खणतील. त्याचे स्वागतच आहे. पण या निमित्ताने उपनगरांतील सार्वजनिक बागांविषयी बोलायला हवे. या बागांत गेल्या काही वर्षांत एक चांगला बदल सुरू झाला आहे आणि तो अर्ध्यावर सुटू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

बागेच्या नूतनीकरणाचा कालपरवापर्यंत एक ठरलेला साचा होता. जुनी फरशी उखडून पेव्हर ब्लॉक, कुंपणाला नवा रंग, फायबरचे हत्ती-जिराफ, खुली व्यायामशाळा, सेल्फी पॉइंट आणि रंगीत दिवे. झाडांचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही शोभेपुरता. ओळीने लावलेले पाम, कातरून गोल केलेले फायकस, रंगीत पानांची कुंपणे आणि मधोमध लॉन. एप्रिल-मे महिन्यांत हे लॉन हिरवे ठेवायला पाणी ओतावे लागते. भातसा-वैतरणेचे पाणी शंभर किलोमीटरवरून या शहरात येते, हे लक्षात घेतले की त्या हिरवळीची खरी किंमत कळते.

आता काही बागांत चित्र पालटते आहे. महापालिकेच्या उद्यान खात्याने नव्या लागवडीत देशी झाडांना प्राधान्य द्यायचे ठरवले, त्याचा हा परिणाम. कुठे पामच्या जागी ताम्हण आले, कुठे भिंतीलगत करंज आणि भेंड, कुठे कोपऱ्यात बकुळ, कदंब, सीता अशोक, कांचन. चार-पाच पावसाळे पाहिलेली ही झाडे आता माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. त्यांच्याखालच्या बाकांवर दुपारीही माणसे बसलेली दिसतात. बाग बदलली आहे हे कोनशिला न वाचताही कळते, ते अशा बाकांवरून.

या झाडांचा आनंद कसा घ्यायचा, हे आपण बरेचसे विसरलो आहोत. लॉन आणि पाम बाराही महिने सारखेच दिसतात, म्हणून त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहण्याची गरज पडत नाही. आपल्या मातीतली झाडे दर महिन्याला वेगळी दिसतात. थंडी ओसरू लागली की काटेसावर पाने टाकून नुसत्या फुलांवर उभी राहते. लाल, मांसल, वाटीसारख्या त्या फुलांत मध भरलेला असतो आणि तो प्यायला कावळे, बुलबुल, साळुंक्या, सूर्यपक्षी यांची पहाटेपासून झुंबड उडते. मध्य आशियातून हिवाळ्यात येणाऱ्या पळसमैनांचे थवेही याच फुलांवर उतरतात. पांगारा आणि पळस त्याच सुमारास पेटतात. मार्चमध्ये कुसुंबाला पालवी फुटते, ती इतकी तांबडी की दुरून झाड फुलले आहे असे वाटावे. त्यानंतर करंजाची पालवी. वर्षभर कोणी ढुंकून न पाहिलेले हे झाड चैत्रात असे काही लखलखते की त्याच्याखाली उभ्या माणसाच्या सदऱ्यावर हिरवा उजेड पडतो.

एप्रिलच्या मध्यापासून बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिनी आपले राज्यपुष्प ताम्हण ऐन बहरात असते. जांभळ्या-गुलाबी, चुरगळलेल्या पाकळ्यांची ती फुले मुंबईच्या उकाड्यात कशी टिकतात, याचे दरवर्षी नव्याने नवल वाटते. कुड्याची पांढरी फुले आणि जांभळाचा सडा पावसाच्या तोंडावर. कदंबाचे चेंडू पावसात. दिवाळीच्या मागेपुढे सातविणीचा वास संध्याकाळी रस्त्यावर उतरतो, काहींना तो सोसतही नाही. भेंडाचे पिवळे फूल मात्र जवळजवळ बारमाही असते. सकाळी लिंबाच्या सालीसारखे असलेले हे फूल कोमेजताना तांबूस होत जाते, तेव्हा एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. हे पाहायला कोकणात किंवा जंगलात जायला नको. अंधेरीतल्या बागेत रोज चालायला येणाऱ्या माणसाला हे पंचांग चालता चालता वाचता येईल. मात्र ती झाडे तिथे हवीत.

हे सगळे मुंबईच्या मातीत साधेल का, अशी शंका घेणाऱ्याने एकदा माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यावे. मिठी नदीच्या एका काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या काठावर, धारावीला लागून, सुमारे ३७ एकरांवर पसरलेले हे रान. १९७७ पर्यंत तिथे शहराचा कचरा पडत होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने तिथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना मांडली, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली. कचऱ्याच्या ढिगावर माती पसरून १९८३ मध्ये लागवडीला हात घातला गेला, तेव्हा डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तिथे रोप लावले गेले. त्यांचे वय तेव्हा ८६-८७ वर्षांचे होते. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. म्हणजे लागवडीपासून दार उघडेपर्यंत अकरा वर्षे गेली. आज तिथे शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, पावसाळ्यानंतर फुलपाखरे पाहायला शाळांच्या सहली येतात, आणि पावलाखाली कधीकाळी कचरा होता हे सांगितल्याशिवाय समजत नाही.

न्यू यॉर्क शहराने स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स ही आपली प्रचंड कचराभूमी २००१ मध्ये बंद केली. तिथले उद्यान टप्प्याटप्प्याने उभे राहत आहे आणि जगभर त्याचा गौरव होतो. तो व्हावाच. पण तोच विचार आपल्या शहरात त्याच्या दोन दशके आधी प्रत्यक्षात उतरवला गेला होता, हे मुंबईकराने अभिमानाने सांगायला हवे. धारावीच्या पुनर्विकासाच्या चर्चेत या उद्यानाच्या जागेवरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. नागरिक वेळेवर जागे झाले म्हणून उद्यानाच्या बाजूने आवाज उठला. ज्यांनी तिथे एकदाही पाऊल टाकले नव्हते असे लोकही त्या काळात तिथे जाऊन आले, ही त्या वादातून निघालेली चांगली गोष्ट.

अकरा वर्षांचा तो धीर आजच्या नूतनीकरणात दिसत नाही. निधी मंजूर होतो, काम निघते, आणि उद्घाटनाच्या तारखेला बाग भरलेली दिसली पाहिजे असा आग्रह असतो. मग ठेकेदार तयार उंचीची झाडे आणतो. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिका देशभर अशी झाडे पुरवतात, आपल्याकडे पुण्याजवळ उरुळी कांचनचा परिसर रोपवाटिकांनी भरलेला आहे. तिथे मागणी असेल ते पिकते. पाम आणि फायकसची मागणी असेल तर पाम आणि फायकस, कोनोकार्पसची असेल तर कोनोकार्पस. भराभर वाढणारे हे शेवटचे झाड अनेक शहरांनी डोळे मिटून लावले आणि गुजरात सरकारला २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. कुसुंब, शिवण, वारस, हुंब, काकड यांची दहा फुटी रोपे मागून पाहा, फारच थोड्या ठिकाणी हाताला लागतील. त्यामुळे देशी बाग ही निविदेआधी निदान दोन वर्षे, रोपवाटिकेत सुरू व्हावी लागते. महापालिकेने आपल्या रोपवाटिकांत ही झाडे बियांपासून वाढवायला घ्यावीत. बी आणायला लांब जायचे कारण नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिकच आहे आणि ही सगळी झाडे त्याच्या डोंगरांवर उभी आहेत. वन खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली थोडेसे बी गोळा करता आले, तर मुलुंडच्या बागेतला कुसुंब मुलुंडच्याच डोंगराचा असेल.

पानांना छिद्रे पडली की बागेत तक्रार येते. हा विषय थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. बहाव्याचे कोवळे पान जुलै-ऑगस्टमध्ये जवळून पाहा. त्यावर तिळाहून बारीक, उभे, दोन्ही टोकांना निमुळते असे फिकट अंडे दिसेल. दोन-चार दिवसांनी त्यातून अळी निघते. हिरवी, अंगावर बारीक काळे ठिपके, कडेने फिकट पट्टा. ती देठाला समांतर अशी चिकटून बसते की बोट टेकले तरच कळावे. ती पाने खाते, कात टाकते, पुन्हा खाते. मग एका फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला कंबरेपाशी बांधून घेते आणि पानाच्याच रंगाचा कोश होते. अंड्यापासून साधारण तीन आठवड्यांत त्यातून पिवळसर पांढरे फुलपाखरू बाहेर पडते. पावसाळ्यात उपनगरांतून सरळ रेषेत, घाईघाईने उडताना दिसणारी फुलपाखरे बऱ्याचदा हीच. त्यांच्या मादीला अंडी घालायला बहावा, टाकळा असली त्याच कुळातली झाडेझुडपे लागतात. पामच्या पानावर ती अंडे घालणार नाही. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या झाडावर वेगळे फुलपाखरू येते, रुईवर वेगळे, उंबरावर वेगळे. शिंपी आणि दयाळ आपल्या पिलांना भरवतात ते याच अळ्या.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांत कॅरोलिना चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांभोवतीच्या झाडोऱ्यात परदेशी वनस्पतींचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर गेले, की त्या पक्ष्याची संख्या टिकून राहण्याइतकी पिले वाढत नाहीत, असे त्यात दिसले. कारण सरळ आहे, परक्या झाडांवर पुरेशा अळ्या होत नाहीत. मुंबईचे पक्षी वेगळे, झाडे वेगळी, पण पिलाला अळी लागते हे इथेही तितकेच खरे. म्हणून कुरतडलेले पान दिसल्याबरोबर औषध फवारा असे अर्ज करू नयेत, आणि आलेच तर बागेच्या पर्यवेक्षकाने ते शांतपणे समजावून परत करावेत. फवारणीचा पंप बहाव्यापासून लांब राहिला तर झाडाला पुन्हा पालवी फुटतेच.

देशी झाडांचा आग्रह धरताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. परदेशी झाडांवर राग धरण्याचा हा विषय नाही. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष आणि देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिका खंडातले, काजू आणि मिरचीही तिकडचीच. ती आपल्या जगण्यात मिसळून गेली आहेत. उपनगरांतील जुन्या रस्त्यांवर सावली आहे ती बहुतेक वर्षावृक्षांची, आणि त्यांच्या शेंड्यांवर घारींची घरटी आहेत. ही झाडे पाडून तिथे देशी रोपे लावा, असे कोणी सुचवले तर आमचा त्याला विरोध असेल. पण २०१० नंतर घाटकोपर, चेंबूर, सांताक्रूझ अशा भागांत याच वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला आणि शेकडो मोठी झाडे उभ्या उभ्या वाळली, ते अनेकांना आठवत असेल. रस्तेच्या रस्ते एकाच जातीच्या झाडाच्या सावलीवर विसंबून राहिले, म्हणून एक कीड त्या सगळ्यांना पुरली. असलेली झाडे त्यांचे आयुष्य पुरे होईपर्यंत जपावीत आणि त्यांच्या सावलीत पुढच्या पन्नास वर्षांची मिश्र देशी लागवड आताच करावी, हा मार्ग आम्हाला योग्य वाटतो.

मियावाकी पद्धतीबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण २०२० पासून महापालिकेने ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतीशास्त्रज्ञाचे मूळ सूत्र असे की, त्या जागी माणसाने हात लावण्याआधी कोणते रान असते हे आधी शोधायचे आणि मग तीच झाडे दाटीने लावायची. दाटीचा भाग सोपा आहे, तो सगळीकडे उचलला जातो. शोधण्याचा भाग अवघड, तो राहून जातो. रस्त्याकडेच्या किंवा रेल्वेलगतच्या पडीक तुकड्यांना ही पद्धत चांगली लागू पडते. पण ज्या बागेत आजी-आजोबांना बसायचे आहे, मुलांना धावायचे आहे, तिथे एका चौरस मीटरला तीन-चार रोपे कोंबून कुंपण घालणे म्हणजे बागेची जागा कमी करणे होय. बागेला मोकळी सावली हवी. एक वड, दोन उंबर, चार कदंब, मधे मोकळी माती. घनदाट रानाचा तुकडा कडेला असावा.

माती मोकळी असणे हा शोभेचा प्रश्न नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो आणि २६ जुलै २००५ रोजी तो एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता. पावसाचे पाणी मुरायला उपनगरांत आता बागा आणि मैदानेच उरली आहेत. त्यांत पायवाटेपलीकडे पेव्हर ब्लॉक घालणे आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊन पार बांधणे थांबलेच पाहिजे. दिल्लीतील एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तेवढी एक मीटर माती आपल्या प्रत्येक बागेत, प्रत्येक झाडाला मिळावी. पावसाळ्यात उन्मळून पडणाऱ्या झाडांची मुळे पाहिली, तर पुष्कळदा ती खोल न जाता सिमेंटखाली गोल फिरलेली दिसतात.

पानगळीचेही तसेच. पहाटे बाग झाडायला सुरुवात होते आणि सात वाजेपर्यंत सगळी पाने गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात. स्वच्छतेची ही कळकळ चांगली आहे, ती पायवाटांवर जरूर असावी. झाडांखालची पाने मात्र तिथेच राहू द्यावीत. मे महिन्याच्या अखेरीस पावसाच्या वाऱ्याबरोबर नवरंग नावाचा पक्षी या भागात येतो. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली शेंदरी. रात्री प्रवास करताना थकून तो कधी कधी सोसायट्यांच्या आवारात उतरतो आणि लोक तो पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी समजतात. तो जमिनीवर चालत, कुजलेल्या पानांखालचे किडे-गांडुळे उकरून खातो. केशरी डोक्याचा कस्तूरही तसाच. झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर या दोघांनाही चोच मारायला काही मिळत नाही. आणि तांबटाला घरटे कोरायला वठलेली, मऊ पडलेली फांदी लागते. माणसांवर पडण्याची भीती नसेल तिथे अशी एखादी फांदी राहू द्यायला काय हरकत आहे?

या ज्ञानासाठी आपल्याकडे माणसे आहेत. पहिला पाऊस पडला की बोरिवली आणि मुलुंडच्या बाजारात वारली आणि इतर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, सोबत ती शिजवताना लागणारी काकडे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टोली. राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या पाड्यांवरून त्या येतात. कोणती वनस्पती कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाखाली, कोणत्या पावसाला उगवते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. बागेच्या माळ्यांना प्रशिक्षण देताना वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर या बायकांनाही मानधन देऊन बोलवावे. गणपतीच्या पत्रीतला आघाडा, माका, डोरली ओळखू न आल्याने आपण कुठलीही पाने विकत घेतो. बागेच्या एका वाफ्यात ही झुडपे नावासह वाढली, तर त्या वाफ्याभोवती भाद्रपदात मुले गोळा होतील आणि पुढच्या वर्षी तीच मुले आपल्या आईला आघाडा दाखवतील.

पुढच्या सगळ्याला लागते ती देखभाल. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारशाचा दर्जा देण्यात आला. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची आणि ती सात वर्षे सांभाळायची, असा नियम आला. सात वर्षांचा हा आकडा विचारपूर्वक धरलेला आहे. बागेच्या नूतनीकरणालाही तोच लावावा. निविदेत लागवडीची रक्कम एकदम न देता दरवर्षी जगलेल्या झाडांमागे द्यावी. उद्घाटनाच्या फलकाशेजारी दुसरा फलक असावा, त्यावर कोणती झाडे लावली, किती जगली, हे दर पावसाळ्यानंतर लिहावे. रोज चालायला येणारे लोक तो वाचतील आणि हिशेब विचारतील.

उपनगरांपुढे या घडीला एक मोठी संधी आहे, म्हणून हे सारे आज लिहावेसे वाटले. मालाडच्या चिंचोली बंदरची कचराभूमी बंद झाली आणि तिथे कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. बोरिवलीजवळची गोराईची, सुमारे वीस हेक्टरची कचराभूमी २००७ पासून शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली. तिथे कचरा झाकून वर आच्छादन आहे आणि आतला मिथेन काढून घेण्याची सोय आहे. त्यामुळे खोल मुळांची झाडे तिथे सरसकट लावता येत नाहीत, पण गवताच्या देशी जाती, करवंद, धायटी, निर्गुडी अशी झुडपे तिथे वाढू शकतात आणि शेजारच्या कांदळवनाला ती शोभतीलही. तिसरी मुलुंडची. १९६७ पासून वापरात असलेली, सुमारे २४ हेक्टरांची ही कचराभूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली आणि तिथल्या सुमारे सत्तर लाख टन जुन्या कचऱ्यावर प्रक्रिया करून तो उचलण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. कचरा उचलला गेला की खाली जमीन उरते, आणि त्या जमिनीत वड, कुसुंब, उंबर खुशाल रुजू शकतात. एका बाजूला ठाण्याच्या खाडीचे कांदळवन, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मधे ही जागा. माहीमच्या निसर्ग उद्यानाहून ती मोठी आहे.

या जागेवर हक्क सांगणारे पुष्कळ येतील आणि त्यांपैकी काहींची गरज खरीही असेल. मुलुंड आणि भांडुपच्या रहिवाशांनी पन्नास वर्षे त्या ढिगाचा वास आणि धूर सोसला. त्यांच्यासाठी या जमिनीचा मोठा भाग देशी वृक्षांच्या उद्यानाला राखून ठेवण्याचा ठराव महापालिकेने करावा, आणि त्यासाठी लागणारी रोपे याच वनमहोत्सवात आपल्या रोपवाटिकेत पेरायला घ्यावीत. जमीन मोकळी होईल तेव्हा ती लावण्याजोगी झालेली असतील.